निवळमहाराजांचं गढूळ पाणी

पाणी आधी पिवळसर झालं, मग चहासारखं, आणि त्यावर तांबडा फेस धरला तेव्हा मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर चढून बघू लागली.

टबात पाय घालून बसले होते निवृत्त पोस्टमास्तर. स्वतःच्या घोट्यांकडे ते अशा नजरेनं पाहत होते की पाय कुणी भलत्याचेच आणून जोडले असावेत. त्यांच्या शेजारी निवळमहाराज उभे होते. पांढराशुभ्र सदरा, पांढरी विजार, गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता, पण असल्याची ऐट पुरेपूर होती.

"या गृहस्थांनी आयुष्यभर गोळ्या खाल्ल्या," महाराज म्हणाले. "रक्तदाबाची गोळी, गुडघ्याची गोळी, झोपेची गोळी. कुठे गेल्या त्या? डॉक्टर म्हणतात, पोटात. पोटातून पुढे कुठे गेल्या? इथे डॉक्टरांची वाचा बसते. मी सांगतो. तळपायात. माणूस उभा असतो आणि विष खाली बसतं, गाळ बसतो तसं. मी काही करत नाही. मी नुसती तोटी उघडतो."

"आणि मास्तर, आता कसं वाटतंय?" त्यांनी वाकून विचारलं.

"हलकं वाटतंय," पोस्टमास्तर म्हणाले.

सगळ्या दालनातून एक मोठा सुस्कारा गेला.

हे दालन आधी फर्निचरचं दुकान होतं. दुकान बसलं, पण न विकलेल्या दोन-चार आरामखुर्च्या प्लॅस्टिकच्या आवरणासकट तिथेच राहिल्या होत्या, आणि महाराजांचे रोगी त्यांतच बसायचे. समोर पांढरा टब, टबात कोमट पाणी, त्यात महाराज चिमूटभर टाकत ते 'निवळचूर्ण', आणि पाण्यात बुडवलेली, बोटाएवढी जाड एक नळी. नळीला भोकं होती आणि तिच्यातून निघालेली वायर डब्याएवढ्या एका यंत्रात जात होती. यंत्रावर निळा दिवा लागला की नळी शरीरातलं विष ओढून घेते, असं महाराज सांगत. नळीचं नाव त्यांनी ठेवलं होतं शोषदंड. नावं ठेवण्यात महाराजांचा हात धरणारा कुणी नव्हता.

चौथ्या रांगेत एका बाईनं शेजारी बसलेल्या मुलीला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? मी काय सांगत होते?"

"बघितलं, आई," मुलगी म्हणाली.

मुलगी म्हणजे तशी चांगली पस्तिशीची होती. कचेऱ्यांच्या रस्त्यावर तिचा छोटा फोटो स्टुडिओ होता, आणि सगळे तिला फोटोवाली म्हणत. ओळखपत्राचे, परवान्याचे, अर्जाला लावायचे असे फोटो ती काढायची. हनुवटी थोडी वर, खांदे सैल, आता डोळे मिटू नका. लोकांच्या चेहऱ्यांवर तिचं पोट चालायचं, आणि नेमका स्वतःचा चेहरा तिच्या हातातून निसटला होता.

सुरुवात पायांपासून झाली होती. सकाळी चपला घट्ट व्हायला लागल्या, लघवीला साबणासारखा फेस यायला लागला, डोळे सुजायला लागले. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चाळणी काढून दाखवली. किडनी म्हणजे रक्ताची चाळणी, त्या चाळणीची भोकं मोठी झाली आहेत, रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे गळतंय, आणि ती गळती थांबवायला स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतील, बरेच महिने. गोळ्यांनी गळती थांबवली हे खरं. सूज उतरली, चपला सैल झाल्या. पण गोळ्या एकट्या आल्या नव्हत्या. आपला सगळा गोतावळा बरोबर घेऊन आल्या होत्या.

गाल फुगले. इतके फुगले की हसताना डोळे दिसेनासे व्हायचे. गालांवर बारीक लव उगवली. भूक अशी लागायची की जेवून उठता उठता पुढच्या जेवणाचा विचार सुरू. झोप उडाली. हात थरथरायला लागले, म्हणून कॅमेरा तिवईवर लावल्याशिवाय तिला एक फोटो काढता येईना. आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर मुक्कामालाच आला. एकदा आईनं चहात साखर कमी घातली म्हणून ती रडली, आणि रडू आलं म्हणून आईवरच ओरडली.

एक जुनं गिऱ्हाईक स्टुडिओत आलं, बाकावर बसलं, आणि तिच्याकडे बघून म्हणालं, "फोटो काढणाऱ्या बाई आल्या की सांगा."

"सांगते," ती म्हणाली. आत गेली, तोंडावर पाणी मारलं, दोन मिनिटं आरशाकडे पाठ करून उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आल्या. बसा स्टुलावर."

डॉक्टरीणबाईंना तिनं हे सांगून पाहिलं होतं. पण त्यांच्या दाराबाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली असायची. त्या रिपोर्ट बघायच्या, "उत्तम चाललंय" म्हणायच्या, आणि चेहऱ्याचं काढलं की "होतं असं, डोस कमी झाला की जाईल" एवढं बोलून पुढच्या रोग्याला हाक मारायच्या. उत्तर चुकीचं नव्हतं. पण त्या उत्तरात बसायला जागा नव्हती.

निवळमहाराजांकडे मात्र भरपूर जागा होती. तिची पाळी आली तेव्हा महाराज गुडघ्यावर बसले, तिच्या पायांवर पाणी ओतलं आणि हळू आवाजात विचारलं, "झोप लागते का गं तुला?"

"नाही."

"कारण नसताना रडू येतं?"

तिनं मान हलवली.

"आणि आरशात बघवत नाही."

इतक्या महिन्यांत हे प्रश्न तिला कुणी विचारलेच नव्हते. पाणी तांबडं झालं, मग काळपट तपकिरी झालं. पोस्टमास्तरांच्या पाण्यापेक्षा गडद.

"हा तुझा चेहरा नाही," महाराज आता मोठ्यानं म्हणाले, चौथ्या रांगेला ऐकू जाईल असं. "हा गोळीचा चेहरा आहे. तो इथे या टबात उतरतोय. पण मी तोटी उघडायची आणि तू वरून टाकी भरत राहायची, असं किती दिवस? आजपासून गोळी बंद."

घरी जाताना आई सगळ्या वाटेनं बोलत होती. महाराजांनी निघताना तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. रविवारी मोठा मेळावा होता. आधीचे आणि नंतरचे फोटो काढायला कुणीतरी हवं होतं. तिनं ते काम केलं की तिच्या उपचारांच्या पैशांचं ते बघतील.

"देवानंच सोय केली," आई म्हणाली.

रविवारी सकाळी ती ओट्याशी उभी राहिली, एका हातात पावाचा तुकडा, दुसऱ्या हातात गोळ्या. दोन-तीन दिवस ती हेच करत होती. रोज ठरवायची की आज नाही, आणि रोज वाटायचं, आजचा दिवस घेऊ. आज कार्यक्रम आहे, हातपाय गळायला नकोत. तिनं गोळ्या गिळल्या आणि आईला दिसू नये म्हणून रिकामं पाकीट मुठीत चुरगाळलं. स्वतःचं औषध चोरून खायची वेळ आली होती.

मेळावा दुपारी होता. फोटोसाठी उजेड लावून ठेवायला ती सकाळीच पोचली. दालनात महाराजांचा एकच मदतनीस होता. त्यानं टबात कोमट पाणी भरून ठेवलं, निवळचूर्णाचा डबा बाजूला ठेवला आणि "मी खुर्च्या घेऊन येतो, तुम्ही चालू द्या" म्हणून टेम्पो घेऊन गेला.

फोटो काढणाऱ्याला माणूस येण्याआधी उजेड बघावा लागतो. पाण्यावर दिवा पडला की ते चमकतं, आणि चमकलं की रंग मरतो. महाराजांना तर रंगच हवा होता. तिनं दिवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, पण साध्या पाण्यावर अंदाज येईना. म्हणून तिनं डब्यातलं चिमूटभर चूर्ण टाकलं आणि यंत्राचं बटण दाबलं. निळा दिवा लागला तर त्याचीही झाक पाण्यात येते का, एवढंच तिला बघायचं होतं.

बोटाला लागलेलं चूर्ण तिनं सवयीनं जिभेवर टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. मीठ. सूज वाढू नये म्हणून महिनोन्महिने अळणी खाणाऱ्या जिभेला मीठ कळायला चूर्णाचं नाव विचारावं लागत नाही.

मग ती तिवईपाशी गेली, कॅमेऱ्यात डोळा घातला, आणि तशीच राहिली.

पाणी पिवळं होत होतं.

टबात कुणाचे पाय नव्हते. दालनात तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि तिचे पाय तिच्या चपलांत होते. पाणी पिवळं झालं, चहासारखं झालं, त्यावर तांबडा फेस धरला. तिनं लेन्स जवळ आणून बघितलं. नळीच्या भोकांतून तांबूस धागे निघून खाली तरंगत येत होते. तिनं बटण बंद केलं, बाह्या सावरल्या आणि शोषदंड बाहेर काढून त्याचं टोपण फिरवलं. आत दोन लोखंडी सळया होत्या. एक जाडजूड, दुसरी कडांना खाल्लेली, खरबरीत, बोट लावलं की बोटाला तांबडी भुकटी.

गंज. निवळमहाराजांचा निवळ गंज.

तिला आधी हसू आलं. पाठोपाठ संताप आला, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की हा राग गोळ्यांचा नाही, हा माझा स्वतःचा आहे. या तांबड्या पाण्यापायी ती रोज सकाळी औषध हातात घेऊन उभी राहत होती.

मागच्या खोलीच्या दारात कचऱ्याची बादली होती. तिच्यात तशाच, पेन्सिलीएवढ्या झिजलेल्या सळया टाकलेल्या होत्या. त्यातल्या दोन-तीन तिनं कॅमेऱ्याच्या पिशवीत घातल्या, टब ओतून पुन्हा स्वच्छ पाणी भरलं, आणि सामान आवरून घरी निघून जावं असा विचार केला. आपण वाचलो, बस झालं. भर मेळाव्यात तमाशा करायचा तिचा स्वभाव नव्हता.

ती निघालीही असती. पण हे सगळं करेपर्यंत दुपार होत आली होती, आणि दारातच तिला बसड्रायव्हर भेटला, आणि त्याच्या खांद्यावर त्याची मुलगी होती.

या दोघांना ती ओळखत होती. इस्पितळात किडनीच्या विभागाबाहेरच्या बाकावर त्यांची ओळख झाली होती. मुलगी नऊ-दहा वर्षांची, तोच आजार, त्याच गोळ्या, तेच गाल. शाळेतली पोरं तिला फुगा म्हणत, आणि ती त्यांना फुटक्या म्हणत असे. बाकावर बसून दोघी एकमेकींच्या गालांची तुलना करत. "मावशी, तुमचे जास्त गोल आहेत," असं ती मोठ्या उदारपणे कबूल करायची.

आज ती बोलत नव्हती. मान बापाच्या खांद्यावर टाकलेली, ओठ कोरडे.

"काय झालं हिला?"

"काही नाही, ताई. विष उतरतंय," ड्रायव्हर म्हणाला. तो स्वतःचीच समजूत घालत असल्यासारखा भराभर बोलत होता. "आठवडा झाला गोळ्या बंद करून. महाराज म्हणाले, पहिले थोडे दिवस उलट्या होतील, अंग गळून जाईल, घाबरायचं नाही. आज मेळाव्यात पुढे बसवणार आहेत तिला. तुम्हीच फोटो काढणार ना?"

फोटोवालीनं मुलीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला आणि तसाच राहिला. तो खळगा तिनं स्वतःच्या पायावर पाहिला होता. पण घाबरवणारी गोष्ट नुसती सूज नव्हती. पोर डोळे उघडत नव्हती.

"हिला आत्ता इस्पितळात न्या."

"ताई, तिथेच तर हे सगळं सुरू झालं."

"आजार सुरू झाला म्हणून तुम्ही तिथे गेलात. तिथे जाऊन नाही सुरू झाला."

"ही शाळेतून रोज रडत येत होती," ड्रायव्हर म्हणाला. "मी बाप आहे तिचा. मला बघवत नव्हतं. महाराजांनी एकट्यांनी सांगितलं की चेहरा परत येईल. आणि माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी, ताई, काय काळं पाणी निघालं हिच्या पायातून. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणू?"

या माणसाला समजावून सांगणं उपयोगाचं नाही, हे तिला कळलं. तिला कुणी समजावलं असतं तर तिनंही ऐकलं नसतं. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता उलटंही डोळ्यांनीच बघायला हवं होतं.

"पाचच मिनिटं इथे बसा," ती म्हणाली. "पाच मिनिटांत तुम्हाला पटलं नाही तर मी काही बोलणार नाही. पटलं तर तसेच उठायचं आणि इस्पितळ गाठायचं. कबूल?"

तो हो म्हणेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. समोर कपड्यांचं दुकान होतं. काचेमागे उभ्या केलेल्या पुतळ्यांना मालकीणबाई नवे कपडे चढवत होत्या.

"मला हिचे पाय हवेत," फोटोवाली म्हणाली.

"फोटोसाठी?"

"विष उतरवायला."

मालकीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पुतळ्याचा कमरेखालचा भाग स्क्रू फिरवून वेगळा करून दिला. वर दुकान नोकराच्या हवाली करून त्या मागोमाग आल्यासुद्धा. एवढी मजा सोडायला त्या काही वेड्या नव्हत्या.

ती दालनात परतली तेव्हा मदतनीस खुर्च्या घेऊन आला होता, लोक जमायला लागले होते, पुढच्या रांगेत पोस्टमास्तर बसले होते आणि आईनं तिच्यासाठी रुमाल टाकून जागा धरली होती. फोटोवालीनं कमरेपासूनचे दोन पांढरे पाय आरामखुर्चीत बसवले आणि तळवे टबात सोडले. लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, फोटोची काही तरी तयारी चालली आहे.

"या बाईंनी," ती मोठ्यानं म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच नवा वाटला, "आयुष्यात एक गोळी खाल्लेली नाही. डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर यांना तोंडच नाही. बघू या काय उतरतं."

तिनं चिमूटभर चूर्ण टाकलं आणि बटण दाबलं.

पाणी पिवळं झालं. हसणं कमी झालं. पाणी चहासारखं झालं. हसणं थांबलं. तांबडा फेस प्लॅस्टिकच्या घोट्यांभोवती जमायला लागला तेव्हा दालनात यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

निवळमहाराज मागच्या खोलीतून आले ते याच वेळी. एका क्षणात त्यांनी सगळं पाहिलं, आणि मानलं पाहिजे, चेहऱ्यावरची शांती जराही ढळू दिली नाही.

"भोळी आहेस," ते म्हणाले. "या दालनात एवढे रोगी येऊन गेले. त्यांचं विष हवेत भरून राहिलंय. शोषदंड तेच ओढतोय. पुतळ्याचं नाही ते, तुम्हा सगळ्यांचं आहे."

दोन-चार माना डोलल्या. लोकांना परत विश्वास ठेवायची वाट सापडत होती आणि ते त्या वाटेकडे वळायला एका पायावर तयार होते.

"मान्य," फोटोवाली म्हणाली. "मग विष हवेत आहे, पायात आहे, सगळीकडे आहे. सळई फक्त ओढते, तिचं स्वतःचं काही जात नाही. बरोबर?"

"अर्थात. शोषदंड अक्षय आहे."

तिनं पिशवीतून झिजलेल्या सळया काढून पोस्टमास्तरांच्या मांडीवर ठेवल्या. मग पाण्यातली नळी उचलली, उघडली आणि आतली जाडजूड सळई त्यांच्या शेजारी ठेवली.

"मास्तर, हा अक्षय दंड. आणि हे त्याचे थोरले भाऊ, मागच्या खोलीच्या दारातल्या कचऱ्याच्या बादलीतून आणलेत. यांचं बाकीचं लोखंड कुठे गेलं असेल?"

पोस्टमास्तरांनी सळई बोटांनी चोळली, बोट नाकाशी नेलं, मग टबाकडे बघितलं. "गंज आहे हा," ते सावकाश म्हणाले. "नुसता गंज."

"मिठाच्या पाण्यात लोखंड घाला आणि त्यातून वीज सोडा, ते झपाट्यानं गंजतं. पायांचा काही संबंध नाही. जास्त मीठ टाकलं, जास्त वेळ चालू ठेवलं की पाणी जास्त काळं. ज्याला जास्त घाबरवायचं त्याचं पाणी जास्त काळं. महाराज, आता तुमच्या पायांनी करून दाखवा. या नळीत लोखंडाऐवजी पेन्सिलीतलं शिसं घालते, त्यातूनही वीज जाते, पण ते गंजत नाही. मीठ तुमचं, यंत्र तुमचं, पाय तुमचे. एक थेंब जरी तांबडा निघाला तर मी तुमची माफी मागेन आणि आजच गोळ्या सोडेन."

महाराजांनी हात जोडले. "संशयानं भरलेल्या जागेत मी उपचार करत नाही," असं म्हणून ते मागच्या खोलीत गेले, आणि त्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं दार होतं.

फोटोवालीनं तिकडे बघितलंच नाही. ती बघत होती ड्रायव्हरकडे. त्याची नजर त्या दोन प्लॅस्टिकच्या पायांवर खिळली होती. मग तो उठला. मुलीला उचलून तो दाराकडे निघाला.

"टेम्पोची किल्ली दे," कपड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई मदतनिसाला म्हणाल्या. त्या आवाजाला नाही म्हणायची त्या पोराची काय छाती होती.

दालनातून बाहेर पडताना एका म्हाताऱ्या बाईनं फोटोवालीची बाही धरली. "पण मला बरं वाटलं होतं गं," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, हरवल्यासारखी.

"वाटलं असणारच, आजी. कोमट पाण्यात पाय सोडून बसलं आणि कुणी मायेनं विचारपूस केली की कुणालाही बरं वाटतं. घरी तेवढंच करा. फक्त औषध सोडू नका."

इस्पितळात मुलीला आल्या आल्या सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. रक्तदाब पार खाली गेला होता. डॉक्टरीणबाई संध्याकाळी बाहेर आल्या, बाकावर बसल्या, आणि ड्रायव्हरला ओरडतील अशी सगळ्यांची खात्री असताना साध्या आवाजात बोलू लागल्या.

"आपलं शरीर स्वतःही थोडं स्टिरॉइड तयार करतं. रोज लागतं ते, उभं राहायला, ताप-उलटी सोसायला. आपण महिनोन्महिने बाहेरून गोळ्या देतो तेव्हा शरीर ते काम सोडून देतं. म्हणून गोळी कधी एकदम तोडायची नसते. हळूहळू कमी करायची, म्हणजे शरीराला काम पुन्हा हाती घ्यायला वेळ मिळतो. हिच्या गोळ्या एका दिवसात थांबल्या. बाहेरचं बंद, आतलं सुरू नाही. त्यात आजारही उलटला. आणखी उशीर झाला असता तर मला पुढचं सांगता आलं नसतं. आता ती धोक्याबाहेर आहे."

ड्रायव्हरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर."

"कागदावर लिहिलेलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कागदावर," फोटोवाली म्हणाली. दिवसभराचा राग अजून शिल्लक होता आणि तो योग्य पत्त्यावर पोचवायला तिला संकोच वाटला नाही. "बाई, तो माणूस थापाड्या होता. पण झोप लागते का, हे त्यानं विचारलं. रडू येतं का, हे त्यानं विचारलं. तुम्ही माझं प्रोटीन विचारलंत. प्रोटीन उत्तम आहे. मी उत्तम नाही. तुम्ही जी जागा मोकळी सोडता ना, तिथे तो टब मांडून बसला होता."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांचेही डोळे थकलेले होते.

"झोप लागते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"गोळ्या कधी घेता?"

"थोड्या सकाळी, थोड्या रात्री. एकदम घेतल्या की पोटात जळजळतं."

"रात्रीच्यामुळे झोप उडते. सगळ्या सकाळी घ्या, पोटभर न्याहारीनंतर. जळजळीसाठी वेगळी गोळी देते. भुकेचं बोलू, काय खायचं ते नीट ठरवू. राग, रडू, हे औषधानं होतं, तुमचं डोकं फिरलेलं नाही. फार वाढलं तर मला कळवायचं, वाट बघायची नाही. चेहरा..." त्या थांबल्या. "चेहरा लगेच नाही जाणार. पुढच्या महिन्यापासून डोस उतरवायला लागू, तसा तो उतरेल. तारीख मी सांगणार नाही. सांगितली तर मीही महाराजच होईन."

फोटोवाली बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

मुलगी आठवडाभर इस्पितळात होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सूज उतरली, गाल तसेच गोल राहिले. तिनं डोळे नीट उघडले, सगळी हकिगत ऐकली, आणि पहिला प्रश्न केला तो असा: "मावशी, पाय घातलेच नाहीत तर काय होतं, हे आधी कुणीच का नाही बघितलं?"

पाणी तांबडं झालं हे शंभर लोकांनी पाहिलं. पाय नसते तर झालं असतं का, हे एकानंही विचारलं नाही. चमत्कार समोर आला की एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो: माझ्यावाचूनही हे असंच होतं का? त्याला शिक्षण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. थोडा धीटपणा लागतो, आणि चारचौघांत हसं झालं तरी चालेल अशी तयारी.

निवळमहाराजांवर पोलिसांत तक्रार झाली. ड्रायव्हरनं ती स्वतः दिली, आणि साक्षीला पोस्टमास्तर उभे राहिले. मग एका सकाळी आईनं न सांगता न्याहारीच्या ताटलीशेजारी पाण्याचा पेला आणि गोळ्या आणून ठेवल्या, आणि लेक त्या गिळेपर्यंत तिथेच उभी राहिली.

किडनीच्या विभागाबाहेरच्या बाकावर हल्ली कुणी गप्प बसत नाही. तपासणीच्या दिवशी फोटोवाली लवकर जाते. कुणाला काय होतंय हे विचारते, कुणाचं काय कमी झालं ते दुसऱ्याला सांगते, आणि दार उघडलं की जो आत जाईल त्याला बजावते की सगळं बोलल्याशिवाय उठायचं नाही, मागे रांग कितीही असो. डॉक्टरीणबाई कधीकधी वैतागतात. पण विचारतात.

परवा तिथे एक कॉलेजातली मुलगी आली. नवीनच आजार, गाल नुकतेच फुगायला लागलेले, ओढणीनं अर्धा चेहरा झाकलेला. बराच वेळ ती फोटोवालीच्या गोल चेहऱ्याकडे चोरून बघत राहिली. शेवटी सरकत जवळ आली आणि कुजबुजली, "ताई, मी गोळ्या सोडून देऊ का?"

फोटोवालीनं आपला चेहरा तिच्याकडे पुरता वळवला, उजेडात.

"ते आत जाऊन विचार," ती म्हणाली. "पण मोठ्यानं विचार. गप्प राहून सोडू नकोस, आणि गप्प राहून सोसूही नकोस."